कापसाच्या पट्ट्यात ‘ला कंपानेल्ला’: अवघड पियानो रचना गावात राहून कशी बसवावी

एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिस्ट याची ‘ला कंपानेल्ला’ (म्हणजे छोटी घंटा) साडेचार-पाच मिनिटांत वाजून होते, पण ती बसवायला वर्ष सहज जातं. पियानोवरच्या सगळ्यात अवघड रचनांमध्ये तिचं नाव हमखास घेतलं जातं. ती शिकायची तर मुंबई-पुण्यात राहायला हवं, घरी ग्रँड पियानो हवा, असं मानून आपल्याकडची बरीच गुणी पोरं आधीच माघार घेतात. विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात, साध्या डिजिटल पियानोवर ही रचना बसवता येते आणि गावासमोर वाजवताही येते. मात्र त्यासाठी सराव कसा करायचा, वाद्य कसं ठेवायचं आणि हात कसे जपायचे, हे तिन्ही नीट ठरवावं लागतं.

सुरुवात कोणी करावी, हे आधी स्पष्ट सांगतो. बाखच्या दोन-तीन इन्व्हेन्शन्स, चेर्नीच्या ओपस 740 मधले काही अभ्यास आणि शोपँचा निदान एक एट्यूड (एखादं तंत्र घोटून घेणारी रचना) बऱ्यापैकी वेगात वाजत असेल, तर हात घाला. नसेल तर एक वर्ष त्यावर द्या. मधल्या काळात स्कार्लात्तीची के. 141 ही डी मायनरमधली सोनाटा घ्या. एकच स्वर बोटं बदलत भराभर वाजवण्याचं जे काम ‘कंपानेल्ला’त पुढे येतं, त्याची तयारी तिथे फार चांगली होते.

नोटेशन कोणतं घ्यायचं

लिस्टने 1832 मध्ये पॅरिसात निकोलो पागानिनीचं व्हायोलिन ऐकलं आणि व्हायोलिनवर जे चाललंय ते पियानोवर आणायचं या ध्यासाने तो झपाटला. ‘कंपानेल्ला’ची मूळ धून पागानिनीच्या दुसऱ्या व्हायोलिन कन्चेर्तोच्या शेवटच्या भागातली आहे. लिस्टने तिच्यावरून 1838 मध्ये एक एट्यूड रचला आणि 1851 मध्ये तो सुधारून पुन्हा छापला. आज मैफिलीत वाजतो तो 1851 चा, पियानोवादक क्लारा शुमानला अर्पण केलेल्या सहा एट्यूडमधला तिसरा. लिस्ट 1886 मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या जुन्या छापील प्रती इंटरनेटवर मोफत मिळतात. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे छापण्याआधी पहिल्या ओळीवर नजर टाका. पाच शार्प (♯) दिसले तर प्रत बरोबर आहे. फ्लॅटची (♭) चिन्हं दिसली तर ती 1838 ची आवृत्ती, ती बाजूला ठेवा. कागद मोठ्या आकाराचा घ्या आणि एका बाजूलाच छापा, कारण समासात पेन्सिलीने बरंच काही लिहायचं आहे.

आपल्याकडे पियानोकडे वळणारे पुष्कळजण भजनी मंडळाच्या पेटीवरून येतात, म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. ही रचना जी शार्प मायनरमध्ये, म्हणजे काळी चारच्या पट्टीत आहे. गंधार आणि धैवत कोमल, निषाद दोन्ही. शुद्ध निषाद पांढरी पाचवर येतो, पण नोटेशनमध्ये तो एफ डबल शार्प म्हणून लिहिलेला दिसेल, तिथे गोंधळू नका. सगळ्या रचनेत घंटेसारखा वर टणटणत राहणारा स्वर म्हणजे डी शार्प, आपली काळी दोन. काळी चारचा सा धरला की तो पंचम. हे एकदा कानात बसलं की अर्ध्या रचनेचा नकाशा डोक्यात तयार होतो. पेटीवाल्यांना दोन गोष्टी मात्र नव्याने शिकाव्या लागतात. डावा हात आजवर भात्यावर राहिलेला असतो, त्याला बोटांचं काम शून्यापासून द्यावं लागतं. आणि पेटीवर पट्टी हळू दाबली काय, जोरात दाबली काय, आवाज ठरतो तो भात्यावर. पियानोवर मात्र आवाजाचं सगळं गणित बोट किती वेगाने खाली जातं यावर चालतं.

वाद्य

88 पट्ट्यांचा, वजनदार हॅमर ॲक्शन (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या) असलेला डिजिटल पियानो लागतोच. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर ही रचना मावत नाही. घेताना ‘ट्रिपल सेन्सर’ आहे का, हे जरूर विचारा. साध्या सेन्सरवर पट्टी बरीचशी वर आल्याशिवाय तोच स्वर पुन्हा उमटत नाही. ग्रँड पियानोत ही अडचण सोडवणारी दुहेरी सुटकेची यंत्रणा सेबास्तियन एरारने 1821 मध्ये पेटंट केली, आणि लिस्टने एकाच स्वराचे भराभर ठोके लिहिले ते अशाच यंत्रणेच्या भरवशावर. घरात जुना उभा पियानो असेल तर त्यावर सराव जरूर करा, पण त्याच्या हातोडीला परत यायला जास्त वेळ लागतो हे लक्षात ठेवून त्या जागांचा वेग थोडा कमी ठेवा. लाकडी पियानो असलेल्यांनी आणखी एक सांभाळावं: मे महिन्याच्या कोरड्या उन्हात त्याचे स्वर उतरतात, आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत चढतात. मधल्या, जाड भिंतींच्या खोलीत तो ठेवा, आणि ट्यूनिंग करायचं ते पावसाळा सरून हवा स्थिरावल्यावर.

स्टँडकडे कोणी लक्ष देत नाही, आणि या रचनेत सगळं तिथेच बिघडतं. कैचीसारखा घडीचा स्टँड मोठ्या झेपेला डोलतो आणि बोट पट्टीच्या कडेवर पडतं. गावच्या सुताराकडून सागाचं किंवा बाभळीचं चार पायांचं टेबल करून घ्या, पट्ट्यांचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून 72-73 सेंटीमीटरवर येईल असं. बसायला प्लास्टिकची खुर्ची नको, ती अंगाच्या भाराने लवते. लाकडी स्टूल हवं, कोपर आणि मनगट एका रेषेत येईल एवढ्या उंचीचं.

कूलरचा झोत पियानोवर येऊ देऊ नका, त्याची ओली हवा थेट पट्ट्यांच्या फटीत जाते. धूळ आणि कापसाचा तंतू टाळायला सुती चादर पांघरून ठेवा. खोलीत उंदीर फिरत असतील तर अडॅप्टरची वायर रोज काढून डबीत ठेवणं बरं.

दोन फुटांच्या आत सगळा खेळ

आता मुख्य काम. या रचनेची भीती लोकांना वेगाची वाटते. मला विचाराल तर तिचा खरा अवघडपणा अंतराचा आहे. पियानोचं एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटर रुंद असतं. उजव्या हाताला इथे पुन्हापुन्हा दोन सप्तकांची झेप घ्यायची असते, म्हणजे 33 सेंटीमीटर, आणि तिसाव्या बारच्या (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेषांमधल्या खान्याच्या) आसपास त्याहून एक स्वर जास्त. एवढं अंतर सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात कापायचं, वरच्या डी शार्पवर हलकेच टेकायचं आणि लगेच परत फिरायचं. मध्ये विश्रांतीचं चिन्ह कुठेच नाही. हात जराही आवळला की पोचायला उशीर होतो. उशीर होतो म्हणून माणूस आणखी आवळतो. या चक्रात अडकलेला सराव कितीही तास केला तरी फुकट जातो.

म्हणून पहिले काही आठवडे झेपा आवाजाशिवाय करा. पियानो बंद ठेवा. पावसाळ्यात लाईट जाते ती वेळ यासाठी उत्तम, पट्ट्या तर हलतातच. खालच्या स्वरावर अंगठा ठेवा. हात एकदम, चपळाईने वरच्या डी शार्पवर न्या आणि पट्टीला नुसतं टेकून थांबा. दाबू नका. बोट पट्टीच्या मधोमध आलं का, पाहा. मग दाबा. प्रवास कायम वेगाचाच ठेवायचा, थांबा हवा तेवढा लांबवायचा. पुढच्या आठवड्यांत हा थांबाच कमी करत जायचं. हळू सराव म्हणजे हात हळू सरकवणं, अशी समजूत आहे. तिने झेप कधीच बसत नाही, कारण हळू सरकणारा हात आणि झेपावणारा हात यांची हालचालच वेगळी असते.

हाताचा मार्ग बुटका ठेवा. उंच कमान करून गेलात तर अंतर वाढतं आणि वरून आदळल्याने डी शार्प कर्कश वाजतो. पट्ट्यांना जवळजवळ घासत, कोपरातून आडवं जायचं. अंगठा सुटला की पंजा लगेच मिटू द्या. ताणलेला पंजा घेऊन प्रवास केला तर मनगट अडतं. डी शार्प ही दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीतली उजवी, तिची वरची बाजू जेमतेम एक सेंटीमीटर रुंद. करंगळीच्या टोकाने तिथे उतरू नका, बोटाच्या बाहेरच्या कडेचा मांसल भाग टेकवा. पकड सापडते.

नजर कुठे असावी, हे फार महत्त्वाचं. कापूस वेचणाऱ्या बायांकडे नीट पाहा. हात एका बोंडातला कापूस ओटीत टाकत असतो, तेव्हा नजर पुढच्या बोंडावर गेलेली असते. इथेही तसंच. अंगठ्याचा स्वर वाजताना डोळे आधीच वरच्या डी शार्पवर पोचलेले हवेत, आणि डी शार्प वाजताना खालच्या पुढच्या स्वरावर. निघतानाच्या बोटाकडे बघत बसलात तर झेप चुकणार. हे जमलं की तीच झेप डोळे मिटून करा. डोळे मिटून दहापैकी सात-आठ वेळा बरोबर पडायला लागली, तर उघड्या डोळ्यांनी ती तुमची झाली.

आणखी दोन उपाय मला फार गुणकारी वाटतात. एक, दोन सप्तकांऐवजी तीन सप्तकांची झेप काही मिनिटं करायची. परत दोनवर आलं की अंतर आखूड वाटतं. दुसरा, जोड्या बदलायच्या. आपण साहजिकच ‘खालचा स्वर, मग वरचा’ अशी जोडी बांधतो. ती मोडून ‘वरचा डी शार्प आणि त्यानंतरचा खालचा’ अशी जोडी करून थांबा. चुका बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर होतात आणि त्या वाटेचा सराव कोणी करत नाही.

या सगळ्यात सूर विसरू नका. धून खाली आहे. वरचा डी शार्प फक्त किणकिणतो. धून पेटीवर एकटी वाजवून पाहा, गुणगुणा, आणि मग झेपांसकट वाजवताना तीच ऐकू येते का ते घरातल्या कोणाला तरी विचारा. पियानोतलं काही न कळणारा माणूसही ‘वरचं टणटण जास्त होतंय’ हे अचूक सांगतो.

बाकीच्या अडचणी

एकाच स्वराचे ठोके चार-तीन-दोन-एक अशी बोटं बदलत वाजवायचे. बोट वर उचलू नका, पट्टीवरून आतल्या बाजूला पुसल्यासारखं ओढा. ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची भराभर आलटापालट) मुख्यतः चौथ्या-पाचव्या बोटांवर येते, आणि पेटीवाल्यांची करंगळी फारशी तयार नसते. तिला रोज पाच मिनिटं वेगळी द्या, जास्त नको. क्रोमॅटिक पट्टे (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने) रियाजाने होतातच, त्यावर वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

डाव्या हाताला मात्र लोक गृहीत धरतात. शंभराव्या बारच्या पुढे त्याला जवळपास तीन सप्तकांची झेप आहे, उजव्या हाताच्या कोणत्याही झेपेपेक्षा मोठी. उजवा हात तेव्हा बऱ्यापैकी सुखात असतो, म्हणून त्या जागी नजर सरळ डावीकडे वळवा आणि नोटेशनवर तसा बाण काढून ठेवा. शेवटचं पान ऑक्टेव्हचं (सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एका हाताने एकदम) आहे, मोठ्या आवाजाचं, वाढत्या वेगाचं. तिथे पोचेपर्यंत दंड भरून आलेला असतो. म्हणून रचना शिकताना शेवटचं पान सगळ्यात आधी घ्या, ताज्या हाताने. मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं. असं मागून पुढे शिकलात की वाजवताना तुम्ही दर पानाला जास्त ओळखीच्या मुलखात जाता. ऑक्टेव्ह आधी नुसत्या अंगठ्याने वाजवायचे, मनगट सैल ठेवून. करंगळी नंतर जोडायची.

वेगासाठी मेट्रोनोम (ठेका मोजून देणारं साधन) फोनमध्ये आहेच. आठव्या हिश्श्याच्या स्वराला (एट्थ नोट) मिनिटाला 60 ठोक्यांपासून सुरू करा आणि आठवड्याला चार-पाचाहून जास्त चढू नका. ज्या आठवड्यात खांदे वर येताना दिसतील त्या आठवड्यात दहाने खाली उतरा. फोन बाजूला, पट्ट्यांच्या उंचीवर ठेवून स्वतःचं चित्रण करा आणि आवाज बंद करून पाहा. खांदा कुठे उचलला जातो ते कानांपेक्षा डोळ्यांना लवकर कळतं. महिन्यातून एकदा नागपूरला किंवा ऑनलाईन एखाद्या जाणत्या शिक्षकाला ते दाखवा. बोटांची मांडणी सुरुवातीलाच तपासून घ्यावी, चार महिन्यांनी बदलायची म्हटली तर फार जड जातं.

शेताचं वेळापत्रक आणि हात

मी सुचवतो तो क्रम असा. वेचणी आटोपल्यावर मार्चमध्ये सुरुवात करा. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पहाटे पाच ते सात हीच वेळ. दुपारी घामेजल्या बोटांनी काळ्या पट्ट्यांवर झेपा करू नका, बोट घसरतं आणि घसरू नये म्हणून हात आवळायची सवय लागते. मृगाच्या पेरणीपर्यंत सगळी पानं हळू वेगात हाताखाली यावीत. जून ते ऑगस्ट शेतात काम फार, तेव्हा नवीन काही घेऊ नका. रोज वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरतात. पोळ्यानंतर वेग वाढवायला लागा आणि कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीतल्या शाळेच्या गॅदरिंगला ठेवा.

डवरणी, निंदण किंवा फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताठ असतात. त्या दिवशी झेपा आणि ऑक्टेव्ह बंद. कोमट पाण्यात हात धरा आणि नुसतं नोटेशन वाचा. वेचणीचा त्रास वेगळा. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या नखांच्या कडा वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी चिरलेल्या असायच्या, आणि डी शार्पवर करंगळी टेकली की ती नकळत बोट आखडून घ्यायची. आम्ही आठवडाभर झेप शोधत होतो, दोष त्या बारीक चिरेत होता. वेचताना करंगळी आणि अंगठ्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळा, रात्री खोबरेल तेल लावा, सकाळी हात धुऊन मगच पट्ट्यांना हात लावा. कार्यक्रमाच्या आधीचा आठवडा वेचणीला सुट्टी मिळते का ते घरच्यांशी बोलून ठरवा.

वाजवताना दंड भरून येणं समजू शकतो. पण मनगटात कळ, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा आला तर त्या क्षणी उठा, आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरकडे जा.

पाठांतर

नोटेशन समोर ठेवून ही रचना वाजवता येत नाही, डोळे पट्ट्यांवर लागतात. रचनेत दहा-बारा ठाणी ठरवा, त्यांना आकडे द्या, आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका. रोज कोणाला तरी एक चिठ्ठी काढायला सांगा आणि तिथून थेट सुरू करा. मंचावर कुठे अडलात तर मागे न जाता पुढच्या ठाण्यावर उडी घ्यायची, हे याच सरावातून अंगवळणी पडतं. हातांची आठवण पहिल्या घाबरटीत दगा देते, म्हणून डावा हात एकटा, पाठ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजायला हवा. हे जमलं की खुशाल तारीख ठरवा.

गावासमोर

कार्यक्रमाच्या दिवशी संगीताइतकीच काळजी विजेची घ्या. लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या झटक्यात डिजिटल पियानो बंद पडतो, आणि परत सुरू होताना आवाजाची मांडणी मूळपदावर जाते. संगणकाचा छोटा यूपीएस मध्ये लावा. पियानोला वीज फार थोडी लागते, तो आरामात पेलतो. पियानोपासून मिक्सरपर्यंतची वायर स्वतःची न्या, जाड पिनची, दोन नग. मंडपवाल्याचे स्पीकर ढोल आणि डीजेसाठी लावलेले असतात, म्हणून त्याला तीन गोष्टी सांगा: इको पूर्ण बंद, बेस निम्म्यावर, आणि एक स्पीकर तुमच्याकडे तोंड करून. गुरगुर ऐकू आली तर अर्थिंग तपासायला लावा.

मंचाच्या फळ्या हलतात का ते आधी स्वतः उड्या मारून पाहा. दिवा समोरून किंवा बरोबर डोक्यावरून हवा. बाजूच्या हॅलोजनने काळ्या पट्ट्यांची सावली शेजारच्या पट्टीवर पडते आणि झेपेला नजर फसते. त्यातून दिव्याखाली किडे येतात, म्हणून वाजवण्याच्या ऐन आधी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा. थंडीत रात्री आठ-नऊला बोटं गारठतात. गरम पाण्याची बाटली शालीत गुंडाळून मांडीवर ठेवा.

लोकांना ही रचना ओळखीची नसते, म्हणून वाजवण्याआधी वरचा डी शार्प एकटाच चार-पाच वेळा वाजवून दाखवा आणि सांगा, ही घंटा शेवटपर्यंत ऐकू येणार आहे, शोधा. पोरं पहिल्या रांगेत कान देऊन बसतात. सरावाच्या वेगापेक्षा थोडं हळूच सुरू करा, मंचावर वेग आपोआप चढतो. आणि एक सोपी गोष्ट तयार ठेवा. टाळ्या झाल्या की मागून हाक येणारच, ‘आता एखादं आपलं वाजवा!’ तेव्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं एखादं भजन घ्या, काळी चारच्याच पट्टीत. कान त्या पंचमाला सरावलेले असतात, आणि भजनी मंडळ पेटी न उघडताच सुरात सामील होतं.